क्लाउडच्या ऑटोमेटेड टेस्ट: इमुलेटरवर काय, खऱ्या अकाउंटवर काय, आणि मांडणी कशी?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. इथे बॅकएंड आणि टेस्टिंगवाले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

आमची सिस्टीम तशी साधी आहे. सगळं एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) आहे. युजर फाइल अपलोड करतो, ती एसथ्रीत (फाइल स्टोरेज) जाते, एसक्यूएसवर (मेसेजची रांग, म्हणजे क्यू) मेसेज पडतो, वर्कर (मागे चालणारा आमचा प्रोग्राम) तो उचलून फाइल वाचतो आणि निकाल डायनॅमोडीबीत (डेटाबेस) लिहितो. टेस्ट दोन फोल्डरमध्ये आहेत, 'लोकल' आणि 'रिअल'. लोकलवाल्या लोकलस्टॅकवर (आपल्याच मशीनवर एडब्ल्यूएसची नक्कल करणारा इमुलेटर) चालतात, रिअलवाल्या वेगळ्या टेस्ट अकाउंटवर. रिअलमधल्या बऱ्याचशा टेस्ट मुळात लोकलमधून कॉपी झाल्यात, पुढे दोन्हीकडे आपापले बदल होत गेले, आणि आता एकाच नावाच्या दोन टेस्ट दोन वेगळ्या गोष्टी तपासतात. रिअलवाल्या हळू आहेत, मधेच लाल होतात, मग लोक परत चालवतात आणि हिरव्या झाल्या की मर्ज.

माझं मत असं की फोल्डर 'कुठे चालते' यावरून पाडूच नयेत. टेस्ट काय तपासते त्यावरून तिची जागा ठरावी आणि ती कुठे चालवायची हे बाहेरून सांगता यावं. टीममध्ये मात्र दोन तट आहेत, एक म्हणतो इमुलेटर काढून टाका सगळं खऱ्यावर चालवा, दुसरा म्हणतो प्रत्येक पीआरला (पुल रिक्वेस्ट, मर्जसाठी पाठवलेला कोडमधला बदल) खरं अकाउंट म्हणजे वेळ आणि बिल दोन्ही हाताबाहेर. तुमच्याकडे कसं करता?

कासव

वाचतोय. आमच्याकडे सेम टू सेम हीच परिस्थिती, फक्त फोल्डर तीन आहेत.

ढगफुटी

मी पहिल्या तटात. इमुलेटरवर हिरवी झालेली टेस्ट तुम्हाला एवढंच सांगते की तुमचा कोड इमुलेटरवर चालतो.

आमच्याकडे प्रॉडक्शनला जे जे फुटलं त्याची कारणं काढून बघितली, बहुतेक वेळा रोलला परमिशन नाही, पॉलिसीत रिसोर्सचं नाव चुकलंय, केएमएसची (एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारी सर्व्हिस) की वापरायची परवानगी नाही, असलंच काहीतरी. आणि लोकलस्टॅक काय किंवा मोटो (एडब्ल्यूएसची नक्कल करणारी पायथन लायब्ररी) काय, डिफॉल्ट सेटिंगला आयएएम (कुणाला कशाची परवानगी ते ठरवणारी व्यवस्था) तपासतच नाहीत. गूगलच्या पबसब (त्यांची मेसेज सर्व्हिस) इमुलेटरला तर आयएएमचा सपोर्टच नाही. मग जिथे सगळ्यात जास्त फुटतं तिथेच टेस्ट आंधळी.

आम्ही प्रत्येक डेव्हलपरला त्याचा स्वतःचा स्टॅक (क्यू, बकेट, टेबल असा सगळा संच) देतो. ब्रांच काढली की टेराफॉर्म (कोडवरून क्लाउडमधल्या गोष्टी उभ्या करणारं टूल) त्या नावाने सगळं उभं करतं, संपलं की पाडतं. सर्व्हरलेस असेल तर नुसतं उभं राहण्याचं बिल जवळपास येत नाही, वापराचंच येतं.

जुनाजाणता

@ढगफुटी, परमिशनबद्दल पूर्ण सहमत. पण त्यावरून इमुलेटर फेकून द्या हे पटत नाही.

गूगलमध्ये टेस्टची विभागणी युनिट, इंटिग्रेशन या नावांनी न करता स्मॉल, मीडियम, लार्ज अशी करतात. स्मॉल म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये, नेटवर्क नाही, स्लीप नाही. मीडियम म्हणजे एकाच मशीनवर, लोकलहोस्टपुरतं नेटवर्क चालेल. लार्ज म्हणजे मशीनबाहेर जाऊ शकते. मला यातली गोम अशी वाटते की विभागणी टेस्टला काय लागतं यावर आहे आणि ते यंत्राला तपासता येतं. इंटिग्रेशन कशाला म्हणायचं यावर दोन माणसं भांडू शकतात, टेस्टने नेटवर्क वापरलं की नाही यावर भांडायला जागाच नाही. स्मॉलमध्ये सॉकेट उघडलं की फेल, विषय संपला.

धागाकर्तीच्या सिस्टीममध्ये फाइल वाचून निकाल काढण्याचा जो भाग आहे त्याला क्लाउड कशाला हवंय? तो शुद्ध फंक्शनमध्ये काढा, त्याच्या टेस्ट स्मॉल. स्टोरेज आणि क्यू यांच्यापुढे स्वतःचा छोटा इंटरफेस ठेवा, दोन चार मेथडचा, आणि त्याचा मेमरीतला फेक (खऱ्या सर्व्हिससारखं वागणारा साधा पर्याय) लिहा. लोकलस्टॅक मीडियममध्ये. खरं अकाउंट लार्जमध्ये. मला वाटतं तुमच्या रिअल फोल्डरमधला बराच माल स्मॉलमध्ये उतरेल.

अर्धविराम

@जुनाजाणता, हे आवडलं. पण मेमरीतला फेक आणि खरी सर्व्हिस यांच्यात फरक पडत गेला तर? आमचं दुखणं तेच आहे ना, दोन गोष्टी हळूहळू वेगळ्या होतात आणि कुणाला कळत नाही.

जुनाजाणता

फेकसाठी वेगळ्या टेस्ट लिहायच्याच नाहीत. इंटरफेसने काय पाळायला हवं याच्या टेस्ट एकदा लिहायच्या आणि त्याच तीन ठिकाणी चालवायच्या: फेकवर, इमुलेटरवर, खऱ्यावर. नसलेली की मागितली तर कुठली एरर येते, तीच की परत लिहिली तर काय होतं, रिकामी फाइल चालते का. फेक वेगळा वागला की त्याच रात्री लाल दिसतं.

वाटसरू७

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). जुनाजाणता यांच्या प्रतिसादाला +१.

पिंपळपान

हे प्रत्यक्षात बसवायचं कसं ते लिहितो, पायटेस्ट (पायथनचं टेस्टिंग टूल) धरून. जेयुनिटमध्ये टॅग आणि गोमध्ये बिल्ड टॅग वापरून हेच होतं.

टेस्टने क्लायंट (सर्व्हिसशी बोलणारा ऑब्जेक्ट) स्वतः बनवायचा नाही, फिक्श्चरकडून (टेस्टला लागणारी तयारी करून देणारं फंक्शन) घ्यायचा. कॉन्फटेस्ट फाइलमध्ये कमांड लाइनचा एक ऑप्शन घाला, टार्गेट म्हणा, त्यात फेक, इमुलेटर, रिअल यांतलं एक. फिक्श्चर त्यानुसार क्लायंट देतं. टेस्टला आपण कुठे चालतोय हे माहीत नसलं पाहिजे, टेस्टच्या आत 'जर रिअल असेल तर' असा इफ दिसला की तिथेच रिव्ह्यू थांबवा. एडब्ल्यूएसच्या एसडीकेंना (कोडमधून सर्व्हिस वापरायच्या लायब्ररी) २०२३ पासून एंडपॉइंट यूआरएल, म्हणजे सर्व्हिसचा पत्ता, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देता येतो (पायथनच्या बोटोथ्रीत १.२८ पासून), त्यामुळे मुख्य कोडमध्ये लोकलस्टॅकचा ४५६६ पोर्ट वगैरे कुठेही लिहावा लागत नाही.

पण याच सोयीत एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. व्हेरिएबल सेट व्हायचं राहिलं तर क्लायंट गुपचूप खऱ्या क्लाउडकडे जातो, आणि मशीनवर प्रॉडची क्रेडेन्शियल असतील तर टेस्टमधलं 'टेबल रिकामं करा' खरोखरचं टेबल रिकामं करेल. म्हणून सेशन सुरू होताना पहिलं काम, एसटीएसला (ओळख सांगणारी एडब्ल्यूएसची सर्व्हिस) विचारा मी कुठल्या अकाउंटमध्ये आहे. लोकलस्टॅकचा डिफॉल्ट अकाउंट नंबर बारा शून्यं असतो, मोटोचा १२३४५६७८९०१२. टार्गेट इमुलेटर आणि नंबर यांतला नाही, तर सगळं रन तिथेच बंद. टार्गेट रिअल असेल तर परवानगी असलेल्या टेस्ट अकाउंटच्या यादीत नंबर हवा, नाहीतर बंद. आमच्याकडे एकही टेस्ट याच्या आधी चालत नाही.

मार्करबद्दल, म्हणजे टेस्टवर लावायच्या खुणेबद्दल. ज्या टेस्टला खरंच खरं अकाउंट लागतं (परमिशन, कोटा, रिजन) त्यांना 'फक्त रिअल' मार्कर, बाकी सगळ्या कुठेही चालतील असं गृहीत धरायचं. मार्करचं स्पेलिंग चुकलं तर टेस्ट चुपचाप भलत्या गटात जाते, त्यामुळे स्ट्रिक्ट मार्कर्स (नोंद नसलेला मार्कर दिसला की एरर) चालू ठेवा.

इमुलेटर एखादी गोष्ट चुकीची करत असेल तर टेस्ट स्किप करू नका, एक्सफेल ('ही फेल होणं अपेक्षित आहे' अशी खूण) करा, कारण लिहून, आणि स्ट्रिक्ट ट्रू ठेवून. स्किप झालेली टेस्ट कायमची विसरली जाते. स्ट्रिक्ट एक्सफेलचं तसं नाही, पुढच्या व्हर्जनमध्ये इमुलेटर सुधारला की ती टेस्ट अनपेक्षितपणे पास होते आणि बिल्ड लाल होतो, मग तुम्ही येऊन ती खूण काढता. इमुलेटर आणि खरं यांच्यातल्या फरकांची यादी अशी कोडमध्येच जिवंत राहते.

रातपाळी

@अर्धविराम, रिअलवाल्या मधेच लाल होतात म्हणालीस त्यावर कुणी बोललंच नाही. सगळ्या टेस्ट एकच क्यू वापरतात का?

अर्धविराम

हो, टेस्ट अकाउंटमध्ये एक क्यू आहे, सगळे तीच वापरतात. प्रत्येक टेस्टच्या आधी पर्ज करतो, म्हणजे क्यू रिकामी करतो.

रातपाळी

मग कारण सापडलंच म्हणायचं, एक नाही तीन आहेत.

एक तर पर्ज. एसक्यूएसची क्यू ६० सेकंदांत एकदाच पर्ज करता येते आणि पूर्ण व्हायलाही तेवढा वेळ लागू शकतो, म्हणजे पर्ज केल्यावर लगेच टाकलेला तुमचा नवा मेसेजही त्यात जाऊ शकतो. दुसरं, दोन पीआर एकाच वेळी चालले की एका रनचे मेसेज दुसऱ्या रनचा वर्कर उचलतो. उचललेला मेसेज व्हिजिबिलिटी टाइमआउटपर्यंत, म्हणजे डिफॉल्ट ३० सेकंद, बाकीच्यांना दिसतच नाही. आणि तिसरं, रिसीव्ह करताना वेट टाइम शून्य असेल तर ते शॉर्ट पोलिंग होतं. त्यात एसक्यूएस आपल्या सगळ्या सर्व्हरना न विचारता काहींनाच विचारतं, त्यामुळे क्यूत मेसेज असतानाही रिकामं उत्तर येऊ शकतं. लोकल इमुलेटर एकच प्रोसेस, त्याच्यावर हे कधी दिसणारच नाही. वेट टाइम २० सेकंद ठेव, तेवढाच जास्तीत जास्त चालतो, आणि मेसेज आला की लगेच परत येतं, २० सेकंद थांबून राहत नाही.

प्रत्येक रनला वेगळी क्यू बनव, नावात रन आयडी घाल. डिलीट केलेल्या क्यूचं नाव ६० सेकंद परत वापरता येत नाही, म्हणूनही नाव दर वेळी नवं हवं.

आणि ते 'परत चालवा' बंद करा. फ्लेकी (कधी पास कधी फेल होणारी) टेस्ट परत चालवून हिरवी करणं म्हणजे खऱ्या क्लाउडने तुम्हाला दिलेली माहिती पुसून टाकणं. फ्लेकी वाटली तर क्वारंटाइन करा, वेगळ्या जॉबमध्ये चालू द्या, मर्ज अडवू नका पण कुणाच्या तरी नावावर तिकीट असू द्या. बिननावाचं क्वारंटाइन म्हणजे स्मशान.

कुंपणावर

'परत चालवा' बटण काढलं तर आमची अर्धी टीम राजीनामा देईल ;)

ढगफुटी

@रातपाळी, म्हणजे माझाच मुद्दा. इमुलेटरवर यातलं काहीही सापडलं नसतं.

रातपाळी

अर्धा बरोबर. उलट बाजूही बघ.

स्टँडर्ड क्यू मेसेज किमान एकदा देते, म्हणजे कधीतरी तोच मेसेज दोनदा येणार. खऱ्या क्यूवर हे इतकं क्वचित होतं की महिनोन् महिने टेस्ट चालवल्या तरी कदाचित दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा प्रॉडमध्ये. डायनॅमोडीबीचा बॅच राइट २५ आयटम घेतो आणि त्यातले काही 'झाले नाहीत' म्हणून परत देऊ शकतो, कॉल मात्र यशस्वीच. छोट्या टेस्ट अकाउंटवर कमी लोडमध्ये ते कधी होणार? डायनॅमोडीबी लोकल (आपल्या मशीनवर चालणारं डायनॅमोडीबी) तर थ्रूपुटची सेटिंग सरळ दुर्लक्षित करतं, तिथे थ्रॉटलिंग (मर्यादेपेक्षा जास्त रिक्वेस्ट आल्या की नाकारणं) आपोआप कधीच येत नाही.

हे सगळं तुला मुद्दाम घडवावं लागतं आणि मुद्दाम घडवण्याची जागा सिम्युलेटेडच. फेकला सांग हा मेसेज दोनदा दे. बोटोकोरच्या (बोटोथ्रीच्या आतली लायब्ररी) स्टबरने, म्हणजे ठरवून दिलेलं उत्तर देणाऱ्या सोयीने, थ्रॉटलिंगची एरर परत दे. मधे टॉक्सीप्रॉक्सी (नेटवर्कचे बिघाड घडवणारं टूल) लावून नेटवर्क हळू कर, तोड. पायलटला इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते सिम्युलेटरमध्ये शिकवतात, विमान आकाशात नेऊन इंजिन बंद पडायची वाट बघत नाहीत.

म्हणून माझं मत असं की इमुलेटर आणि फेक हे खऱ्याची स्वस्त नक्कल म्हणून वापरले की निराशा होते. ते बिघाड पाहिजे तेव्हा घडवण्यासाठी वापरायचे. आणि खरं अकाउंट कशासाठी, तर जे आपल्याला सुचलंच नाही ते कळण्यासाठी.

ढगफुटी

हे मान्य. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटचीओळ

मी कुबरनेटिसवाली (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी सिस्टीम) आहे, थोडं विषयांतर करते. आमच्याकडेही हाच घोळ. ऑपरेटरच्या (क्लस्टरमधल्या गोष्टी सांभाळणारा आमचा कंट्रोलर) टेस्ट एन्व्हटेस्टवर चालवतो, त्यात फक्त एपीआय सर्व्हर आणि एटसीडी (त्याचा डेटाबेस) असतात, बाकीचे कंट्रोलर नसतात. डिप्लॉयमेंट बनवलं तर ते बनतं पण पॉड (प्रत्यक्ष चालणारे कंटेनर) कधीच येत नाही. मालक ऑब्जेक्ट डिलीट केलं तरी त्याची मुलं तशीच राहतात कारण गार्बेज कलेक्टरच नाही. नवीन माणूस यावर खूप वेळ घालवतो. म्हणून 'माझ्या कंट्रोलरने योग्य ऑब्जेक्ट लिहिलं का' हे एन्व्हटेस्टवर, 'पॉड उठला का' हे काइंडवर (आपल्या मशीनवरचं छोटं क्लस्टर), आणि लोड बॅलन्सर, डिस्क असलं काही असेल तर खऱ्या क्लस्टरवर.

कुबरनेटिस प्रोजेक्टच्या स्वतःच्या एंड टू एंड टेस्टच्या नावातच स्लो, सीरियल, डिसरप्टिव्ह, फ्लेकी अशा खुणा आहेत, त्यावरून कुठली कधी चालवायची ते निवडतात. अर्धविरामचं म्हणणं तेच झालं ना, फोल्डर नाही, खुणा.

चौकटराजा२

स्पॅनर (गूगल क्लाउडचा डेटाबेस) वापरणाऱ्यांसाठी: त्याचा इमुलेटर एका वेळी एकच रीड-राइट ट्रान्झॅक्शन चालू देतो. टेस्ट समांतर चालवल्या आणि अबॉर्ट दिसायला लागले तर आधी हे आठवा, कोडमध्ये शोधत बसू नका.

मधलीसुट्टी

रेकॉर्ड-प्लेबॅक कुणी वापरतं का? एकदा खऱ्यावर चालवायचं, सगळे एचटीटीपी कॉल रेकॉर्ड करायचे, नंतर तेच परत वाजवायचे. अझुअर एसडीकेच्या टेस्ट अशाच चालतात, लाइव्ह, रेकॉर्ड आणि प्लेबॅक असे मोड आहेत.

जुनाजाणता

एसडीके लिहिणाऱ्यांसाठी उत्तम, कारण त्यांचं काम म्हणजेच योग्य एचटीटीपी कॉल करणं. अ‍ॅप्लिकेशनवाल्यांना त्रास होतो, कॉलचा क्रम जरा बदलला की रेकॉर्डिंग जुळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये टोकन आणि सह्या जातात, त्या पुसण्याची व्यवस्था आधी करा, नंतर नाही. रेकॉर्डिंग शिळं होतं तेही आहेच, अधूनमधून सगळं नव्याने रेकॉर्ड करणारा जॉब हवा.

मधलीसुट्टी

ओके, धन्यवाद. मग आमच्यासाठी नाही.

पिंपळपान

आणखी दोन गोष्टी राहिल्या होत्या.

स्लीप. इमुलेटरवर स्लीप नसला तरी चालतं, मग खऱ्यावर फेल होते म्हणून कुणीतरी पाच सेकंदांचा स्लीप घालतो, मग दहाचा. त्याऐवजी एकच हेल्पर सगळ्यांनी वापरायचा: अट खरी होईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने विचारत राहा, कमाल मर्यादा ओलांडली की फेल, आणि फेल होताना शेवटचं उत्तर काय मिळालं ते छापा. एसथ्रीबद्दल जुन्या ब्लॉगमध्ये 'लिहिल्यावर लगेच दिसेलच असं नाही' असं वाचाल, ते डिसेंबर २०२० पासून खरं नाही, आता लिहिल्याबरोबर नवीनच वाचायला मिळतं. डायनॅमोडीबीचं साधं रीड मात्र अजूनही उशिराचं असू शकतं, पाहिजे तर कन्सिस्टंट रीड मागता येतं, पण ग्लोबल सेकंडरी इंडेक्सवर तेही मागता येत नाही. आयएएमचे बदलही पसरायला वेळ लागतो, रोल बनवून लगेच वापरला तर अ‍ॅक्सेस डिनाइड येऊ शकतं. त्यामुळे रोल टेस्टच्या आत बनवू नका, स्टॅक उभा करतानाच बनवा.

खरी अवघड गोष्ट म्हणजे 'असं झालं नाही' तपासणं. चुकीची फाइल आली तर मेसेज जाऊ नये, ही टेस्ट खऱ्या क्यूवर किती वेळ थांबली म्हणजे खात्री? उत्तर नाही. असल्या टेस्ट फेकवर घ्या, तिथे क्यूकडे किती कॉल गेले ते नेमकं मोजता येतं. खऱ्यावर फक्त 'झालं' असं सांगणाऱ्या टेस्ट ठेवा.

लपंडाव

वेळ गोठवणाऱ्या लायब्ररीबद्दल पण लिहा कुणीतरी. फ्रीझगन (पायथनमधली अशीच एक लायब्ररी) लावून तारीख मागची केली तर फेकवर सगळं मस्त चालतं, खऱ्या एसथ्रीवर विनंतीची वेळ आणि सर्व्हरची वेळ यांत १५ मिनिटांहून जास्त फरक पडला की रिक्वेस्टच नाकारली जाते. आपल्या कोडला घड्याळ बाहेरून द्या, सगळ्या प्रोसेसचं घड्याळ गोठवू नका.

कासव

बिलाचं काय? आमच्या टेस्ट अकाउंटमध्ये जुन्या रनचा कचरा पडून असतो. टेस्ट मधेच कॅन्सल झाली की टिअरडाउन (शेवटची साफसफाई) चालतच नाही.

ढगफुटी

टिअरडाउनवर विसंबायचंच नाही, ती सौजन्याची गोष्ट आहे. रनर मेला की टिअरडाउन मेलं. आमची पद्धत अशी: प्रत्येक रिसोर्सवर बनतानाच दोन टॅग, रन आयडी आणि कधीपर्यंत जगायचं ती वेळ. एक वेगळा जॉब ठरावीक वेळाने येऊन मुदत संपलेलं सगळं उडवतो. टॅग नसलेलं काही सापडलं तर तेही उडवतो, टेस्ट अकाउंटमध्ये बिनटॅगचं काही जगू द्यायचंच नाही. त्यासाठी अकाउंट मात्र पूर्ण वेगळं हवं, स्टेजिंगबरोबर वाटून घेतलेलं नको. बाकी सगळं सपाट करायला एडब्ल्यूएस-न्यूक आहे, पण नाव वाचूनच कळेल की ते कुठल्या अकाउंटवर चालवतोय हे नीट बघायचं. ते स्वतःही आधी अकाउंटचं टोपणनाव टाइप करून घेतं.

एसथ्रीच्या बकेटमध्ये (फाइल ठेवायचा कप्पा) एक खोच आहे. रिकामी केल्याशिवाय डिलीट होत नाही, आणि व्हर्जनिंग चालू असेल तर नुसते ऑब्जेक्ट डिलीट करून रिकामी होत नाही, सगळी जुनी व्हर्जन आणि डिलीट मार्कर पण काढावे लागतात. कचऱ्यामुळे बकेटचा कोटा भरून टेस्ट अडकायच्या, तो त्रास आता कमी झालाय, डिफॉल्ट कोटा आधी १०० होता, नोव्हेंबर २०२४ पासून १०,००० आहे. म्हणून कचरा ठेवा असं नाही.

आणि हो, पाइपलाइनमध्ये कायमच्या अ‍ॅक्सेस की ठेवू नका. ओआयडीसीने (कायमच्या कीऐवजी टोकनवरून ओळख पटवायची पद्धत) थोड्या वेळापुरता रोल घ्या, आणि तो रोल फक्त टेस्ट अकाउंटचा.

अर्धविराम

इतके छान प्रतिसाद आलेत, सगळ्यांचे मनापासून आभार. टीमबरोबर बसून असं ठरतंय:

रिअल आणि लोकल हे फोल्डर जाणार. अपलोड, वर्कर, निकाल असे फोल्डर, टार्गेट बाहेरून. फाइल वाचण्याचा भाग वेगळा काढून त्याच्या टेस्ट स्मॉल. दोनदा आलेला मेसेज, अर्धवट बॅच, थ्रॉटलिंग यांच्या टेस्ट फेकवर, या आमच्याकडे अजिबातच नव्हत्या. पीआरला फेक आणि इमुलेटर, मर्ज झाल्यावर खऱ्यावर एकच फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाते का ते, तीही प्रॉडमध्ये वर्करला जो रोल आहे नेमका त्याच पॉलिसीने. रात्री सगळं काही खऱ्यावर. रात्रीचा निकाल सकाळी कुणी बघायचा याची पाळी लावतोय, कारण आत्तापर्यंत तो मेल कुणीच उघडत नव्हतं.

एकाच गोष्टीवर अडलोय. वर्करला लागणारं सिक्रेट टेस्ट स्वतः सिक्रेट्स मॅनेजरमध्ये (पासवर्ड वगैरे ठेवायची एडब्ल्यूएसची सर्व्हिस) बनवते आणि शेवटी डिलीट करते. खऱ्यावर पहिल्यांदा पास होते, दुसऱ्यांदा त्याच नावाने बनवायला गेलं की एरर, डिलीट करायला ठेवलंय म्हणून. इमुलेटरवर दर वेळी कंटेनर नवीन असतो त्यामुळे तिथे दिसत नाही.

रातपाळी

डिलीट केलेलं सिक्रेट लगेच जात नाही, डिफॉल्ट ३० दिवस परत मिळवता यावं म्हणून राहतं, कमीत कमी ७ दिवस करता येतात. तोवर ते नाव अडकलेलं. डिलीट करताना रिकव्हरीशिवाय सक्तीने डिलीट करण्याचा ऑप्शन आहे, टेस्ट अकाउंटमध्ये तोच वापर. पण तेही लगेच त्याच क्षणी होत नाही, थोडा वेळ जातो, म्हणून नावात रन आयडी इथेही घाल.

केएमएसची की मात्र टेस्टमध्ये बनवू नकोस. ती सक्तीने लगेच डिलीट करता येतच नाही, ७ ते ३० दिवसांची वाट बघावीच लागते. एक कायमची की स्टॅकबरोबर ठेव आणि सगळ्या टेस्टना तीच दे.

अर्धविराम

की आम्ही प्रत्येक रनला बनवतोय! आजच बदलते.